एकच उघडं दुकान

मिल बंद पडल्यावर बाबांनी घराच्या पुढच्या खोलीत किराण्याचं दुकान टाकलं. सियागंजच्या ठोक बाजारातून माल आणायचा आणि गल्लीत विकायचा. मिलमध्ये ते क्लार्क होते आणि दुकानही तसंच चालवायचे, म्हणजे गिऱ्हाइकापेक्षा काट्याकडे जास्त बघत. कॉलेजातून आले की मी पुड्या बांधायला बसायची.

एका दुपारी कोपऱ्यावरचा हलवाई ओरडला, "भिया, नापतौलवाले आ रिये हैं!" आणि धडाधड शटरं पडली. वजनमापं तपासणाऱ्यांची जीप दिसली की सगळे असंच करत, ज्यांचं माप बरोबर तेसुद्धा. मी उठले, तर बाबांनी मला खाली बसवलं. आपल्या मापात खोट नाही, तर पळायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. आयुष्यभर चोख काम करून मिलनं घरी बसवलं, तरी यांचा विश्वास काही सुटला नव्हता. तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटला, आता रागच येतो.

अख्खी गल्ली बंद आणि आमचं एकच दुकान उघडं. जीप सरळ आमच्यापुढे येऊन थांबली.

साहेब फार गोड बोलत होते, त्याचीच मला भीती वाटली. वजनं बरोबर निघाली. तराजूही बरोबर निघाला. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि तपासणीचा दाखला कुठे टांगलाय म्हणून विचारलं. दाखला आत कपाटात होता, मिलच्या कागदांबरोबर, प्लास्टिकच्या पिशवीत. महत्त्वाचे कागद आमच्याकडे टांगत नाहीत, जपून ठेवतात. बाबा धावत जाऊन घेऊन आले, पण साहेबांनी पिशवी उघडूनही पाहिली नाही.

"पूरा बाजार बंद है, बाबूजी," ते म्हणाले. "हम खाली हाथ तो नहीं लौट सकते न?"

तराजू जीपमध्ये गेला. जीप वळल्यावर शटरं एकेक करून वर गेली. आमच्याकडे कोणी बघेना.

तराजूशिवाय कसला किराणा? बाबा त्या ऑफिसात खेटे घालत राहिले आणि आम्ही साबण, काड्यापेट्या विकत बसलो. आता हेही बंद पडणार का, असं आईनं एकदा विचारलं.

शेवटी तराजू परत आला. दाखला फ्रेम करून भिंतीवर लावला.

पुढल्या खेपेला आरोळी आली, तेव्हा गल्लीतलं पहिलं शटर आमचं पडलं. अंधारात बाबा साखरेच्या गोणीवर बसले. बाहेर जीप हळूहळू पुढे सरकत होती.

"बाबा, आपला तराजू तर सही आहे ना?" मी विचारलं.

"हळू बोल," ते म्हणाले.