न धुतलेला गाऊन

माझ्या आईला गाऊनचा भारी राग. तळवलीतल्या आमच्या गल्लीतून कोणी बाई गाऊनवर ओढणी टाकून दुकानात निघाली, की ओट्यावर बसल्या बसल्या आई तिला ऐकू जाईल असं म्हणायची, "उशीचा अभ्रा घालून हिंडतात, बाय!" आवाजही असा, की गल्लीच्या या टोकाला ती बोलली तर त्या टोकाची कोळीण वळून बघते. स्वतः कायम नऊवारीत. माझ्या लग्नाच्या खरेदीत मी दोन गाऊन घेतले, तेव्हा तिने ते चिमटीत धरून पिशवीत टाकले होते.

बाळंतपणाची रजा संपली तेव्हा माझी लेक पाच महिन्यांची होती. घर ऐरोलीत आणि ऑफिस पुलापलीकडे मुलुंडला, त्यामुळे दुपारी घरी येणं शक्यच नव्हतं. आई रोज सकाळी तळवलीहून येऊ लागली. मी दूध काढून फ्रीजमध्ये ठेवून जायचे. पण लेकीने बाटलीला तोंड लावलं नाही. वाटी-चमच्याने पाजलं तर थुंकून टाकलं. मी संध्याकाळी पोहोचले तेव्हा रडून रडून तिचा घसा बसला होता. दुसऱ्या दिवशीही तेच. मी राजीनाम्याचा मेल लिहून ठेवला. नोकरी मला हवी होती, अगदी मनापासून हवी होती. पण पोटची पोर उपाशी ठेवून कोण करील?

"दोन दिस थांब," आई म्हणाली. "मी हाय ना."

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. "पिली."

"कशी काय?"

"पिली ना? मग तुला काय करायचंय? काम कर तुझं."

मेल तसाच पडून राहिला. पण माझा स्वभाव असा, की एक काळजी मिटली की मी दुसरी उकरून काढते. दुधाच्या वेळेला आई फोन उचलेना. शिवाय मी सकाळी उतरवलेला गाऊन संध्याकाळी तसाच खुंटीवर. दुधाचे डाग पडलेला, आंबूस वासाचा. आई म्हणजे घरात पाय टाकला की आधी कपडे बादलीत बुडवणारी बाई! चार दिवस मी गिळलं, पाचव्या दिवशी बोललेच. "आये, एक गाऊन धुवायचं एवढं काय गं जड जातं? आणि फोन तरी उचलत जा."

"बघते उद्या," एवढंच ती म्हणाली. एरवी माझ्या एका वाक्याला तिची चार ठरलेली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात ऑफिसातलं नेट बंद पडलं आणि आम्हाला दुपारीच सोडलं. बेल न वाजवता मी किल्लीने दार उघडलं.

खिडकीपाशी, माझ्या जागेवर, माझा गाऊन घालून आई बसली होती. नऊवारीवरूनच चढवलेला, पोटाशी ताणलेला, खालून लुगडं डोकावतंय. मांडीवर लेक. एका मुठीत गाऊनचा गळा घट्ट धरून ती चमच्यामागून चमचा दूध पीत होती. आणि माझी आई, गल्ली हलवणारी माझी आई, हूं की चूं करत नव्हती. आवाज ऐकला असता, तर पोरीला लगेच कळलं असतं की ही आपली आई नव्हे. फोन शेजारी उलटा पडला होता.

मला हसू यायला हवं होतं, पण रडूच आलं. आईने डोळे वटारले आणि ओठांवर बोट ठेवलं. वाटी रिकामी होईपर्यंत मी दारातच उभी राहिले. शाळेची पायरी न चढलेली ही बाई, जे आम्हा कुणाला सुचलं नाही ते तिला सुचलं होतं. आणि त्यासाठी तिने अख्ख्या जन्माचा तोरा उतरवून तो अभ्रा अंगावर चढवला होता. वर माझी बोलणीही खाल्ली होती.

"कुनाला सांगशील तर बघ," लेकीला खांद्यावर घेत ती म्हणाली. "गल्लीत तोंड दाखवायला जागा नाय राहनार."

दुसऱ्या दिवशी निघताना मी स्वतःच गाऊन तिच्या हातात दिला. तिने तो नाकाशी धरला. वास पुरेसा आहे का ते बघत असेल, असं मला वाटलं. चपला घालून मी मागे वळले, तरी गाऊन तिच्या नाकाशीच होता. तिच्याही लेकीचा वास होता तो.