समुद्राकडून पाहिलेला खडक

रंगारीबुवांनी उभ्या आयुष्यात राजवाडे रंगवले, जंगलं रंगवली, एकदा तर भर उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात घामाघूम होत अख्खं बर्फाचं रान रंगवलं. पण एकाही पडद्याखाली नाव घातलं नाही. नाटकाच्या पडद्यावर सही नसतेच. नट पुढे, पडदा मागे आणि पडदेवाला त्याच्याही मागे. बुवांची त्याबद्दल कधी कुरकुरही नव्हती.

आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी नाट्यगृहातून निरोप आला. त्यांचा कमानखडकाचा पडदा प्रवेशदालनात कायमचा टांगणार होते. समुद्रातला उंच खडक, त्याला माणूस जाईल एवढी कापलेली कमान, आणि कमानीतून दिसणारा, मागच्या कापडावर रंगवलेला मावळतीचा समुद्र. तीस वर्षं शेवटच्या अंकात नायिका सगळ्यांकडे पाठ फिरवून त्या कमानीतून समुद्रात निघून जायची आणि प्रेक्षागृहात रुमालांवर रुमाल निघायचे.

"रविवारी या आणि खाली तुमचं नाव घाला," असा निरोप होता.

बुवांचा घास हातातच राहिला.

"मी तो खडक पाहिलेलाच नाही," ते बायकोला म्हणाले.

खडक बसने जेमतेम दोन तासांवर. पण आज प्रयोग, उद्या तालीम, जाणं राहून गेलं ते गेलंच. नाटक मंडळीतला सुतार आधी दहा वर्षं मासेमारीच्या होडीवर होता. त्याने एका फळीवर खडूने खडक काढून दाखवला, "हा बघ, असा," आणि बुवांनी तो तसाच कापडावर उतरवला. आता विचारावं, तर सुतार या जगात नव्हता.

"स्वतःच्या डोळ्यांनी बघेन. तसाच निघाला तर सही. नाहीतर पडदा टांगा म्हणावं, नाव नको."

"तीस वर्षांत कोणी ब्र काढला नाही. आता काय खडक येणारे तक्रार घेऊन?" बायको म्हणाली. पण म्हणता म्हणता तिने अंडी उकडायला ठेवली होती.

शनिवारी सकाळी बसथांब्यावर दिवेवाला हजर. नाटकात चाळीस वर्षं प्रकाश सांभाळलेला हा बुवांचा दोस्त. भर उन्हात त्याच्या खिशात बॅटरी.

"कशाला रे ही?"

"सूर्याची तालीम झालेली नसते, लेका."

पायवाट कड्याच्या कडेकडेने जात होती. एका बाजूला गुडघाभर गवत, दुसऱ्या बाजूला खाली फेसाळ पाणी, आणि वारा असा, की बुवांची टोपी दोनदा दिवेवाल्याच्या तोंडावर बसली. बायको काठी टेकत सगळ्यांच्या पुढे. बुवांची चाल मात्र न्यारी. पडदा जमिनीवर पसरून लांब दांड्याच्या ब्रशने रंगवायचा, मग वीस पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून बघायचं, ही जन्माची सवय. प्रत्येक वळणावर ते मागे मागे सरकू लागले.

"अहो, मागे कडा आहे!"

"लांबून बघितल्याशिवाय कळत नाही गं."

"पडलात तर चांगले लांबूनच बघत बसाल!"

"वहिनी, मी धरलंय त्यांना," दिवेवाला म्हणाला. खरोखरच त्याने बुवांचा सदरा मुठीत धरला होता.

शेवटच्या वळणानंतर पायवाट वाळूत उतरली आणि खडक समोर आला. दोन मजली घराएवढा, काळाभोर, मधोमध कमान. ओहोटी होती, पार कमानीपर्यंत चालत जाता येत होतं. बायकोने टाळ्याच वाजवल्या.

बुवांनी एक डोळा मिटला. मग दुसरा. मग दोन्ही.

"उलटा आहे," ते म्हणाले. "माझ्या पडद्यावर खडकाचा जाडजूड खांदा उजवीकडे. हा डावीकडे. तीस वर्षं मी लोकांना उलटा खडक दाखवला."

ते मटकन वाळूत बसले. बायकोने अंडं सोलून पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही. हे मात्र तिला गंभीर वाटलं.

दिवेवाला एव्हाना गायब झाला होता. पडद्याला भोक दिसलं की मागे जाऊन बघायचं, उजेड कुठून येतो ते तपासायचं, ही त्याची जुनी खोड. थोड्या वेळाने खडकापलीकडून त्याची आरोळी आली.

"अरे रंगाऱ्या! ऊठ आणि इकडे ये! वहिनी, त्याला ढकला!"

बायकोने ढकललं. घोट्याएवढ्या पाण्यातून, कमानीखालून, दोघं पलीकडच्या खडकाळ ओट्यावर पोचली. बुवा वळले. जाडजूड खांदा उजवीकडे होता. वरचा चोचीसारखा सुळका, खालची फट, सगळं जिथल्या तिथे. खडूची एक रेघ चुकली नव्हती.

"सुतार होडीवर होता ना!" बुवा पुटपुटले. "त्याने समुद्राकडूनच बघितलेला..."

"ते झालं," दिवेवाला म्हणाला. "पण आता कमानीतून बघ, काय दिसतंय?"

कमानीतून समुद्र दिसत नव्हता. हिरवा कडा दिसत होता, पायवाट, आणि वर दोन-चार घरं, त्यातल्या एका अंगणात वाळत घातलेले कपडे.

पहिल्यांदा बायकोच्या लक्षात आलं. तिने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! म्हणजे ती आपली नायिका..."

"जीव द्यायला निघाली म्हणून लोक रडत होते," दिवेवाला म्हणाला, "आणि ती बया तीस वर्षं सरळ घरी चालली होती!"

आधी बायको हसली, मग दिवेवाला, आणि मग बुवा असे हसले, की त्यांना खडकाला धरून उभं राहावं लागलं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी दोन अंडी खाल्ली. दिवेवाल्याच्या वाटणीचंही.

"मग? सही?" परतीच्या चढावर बायकोने विचारलं. भरतीचं पाणी एव्हाना कमानीत गुडघ्याच्या वर चढलं होतं.

"खडक खरा आहे. समुद्र माझ्या पदरचा," बुवा म्हणाले. "तेवढं कबूल करून सही करतो."

रविवारी प्रवेशदालनात शिडी लावलेली होती, तरी बुवा आधी वीस पावलं मागे गेले. मग पुढे येऊन बारीक ब्रशने त्यांनी कोपऱ्यात नाव घातलं. त्याच्या वरती सुताराचं, कारण रेघ त्याची होती. आणि खाली लहान अक्षरात, 'समुद्राकडून पाहिलेला.'

दिवेवाल्याने बॅटरी काढून नावावर उजेड धरला.

"आता झाली तालीम," तो म्हणाला.

बायको मात्र पडद्यापाशीच घुटमळत होती. "अहो, ब्रश ओला आहे तोवर," ती म्हणाली, "त्या कमानीत, अगदी कोपऱ्यात, एक दोरी आणि दोन कपडे काढा की. पोचली ती, एवढं तरी कळू दे लोकांना."

बुवांनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला.