शिट्टी माझ्या तोंडात होती

“परब, तुम्हारा कुत्ता भेड़ हटाता है. आदमी क्यूं नहीं हटाएगा?”

कॅप्टनसाहेबांनी हे विचारलं तेव्हा मी ग्लेनच्या पंजातला काटा काढत होतो. मला वाटलं, चेष्टा करतायत. मी हसलो. ते हसले नाहीत.

कॅप्टनसाहेब आमच्या गिरणीचे सिक्युरिटी ऑफिसर. सैन्यातून निवृत्त. ब्याऐंशीच्या संपाला आठ महिने होऊन गेले होते. लालबागच्या आमच्या गिरणीत साचे बंद, भोंगा बंद, आणि गोडाऊनमध्ये कापडाच्या गाठी पडून. शेठना त्या ट्रकने बाहेर काढायच्या होत्या. ट्रक निघणार अशी कुणकुण लागली की संपकरी गेटसमोर येऊन उभे राहत. पोलीस बोलावले की लाठी चालणार, लाठी चालली की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. कॅप्टनसाहेबांना फोटो नको होता.

“काटता तो नहीं ना?” त्यांनी विचारलं.

“नाही साहेब. चावला तर स्पर्धेतून बाद होतो.”

“दॅट्स द ब्यूटी,” ते म्हणाले आणि ग्लेनच्या डोक्यावर थोपटून गेले.

ग्लेन हा बॉर्डर कॉली. काळापांढरा, अंगाने हलका. धाकट्या शेठनी तो इंग्लंडहून विमानाने आणवला होता. ही मेंढ्यांवरच्या कुत्र्यांची जात, पण आपल्या धनगराच्या कुत्र्याचं काम वेगळं. तो लांडग्यापासून कळप राखतो. कॉली कळप हलवतो. भुंकत नाही. मान खाली घालून, पोट जमिनीला घासत, नजर रोखून एकेक पाऊल टाकतो. आमच्या धंद्यात या नजरेला ‘आय’, म्हणजे डोळा, म्हणतात. तिच्यापुढे मेंढी आपोआप मागे सरते. हँडलर, म्हणजे कुत्रा चालवणारा माणूस, लांब उभा राहून शिट्टीने सांगतो: डावीकडून जा, उजवीकडून जा, पुढे सरक, बस.

स्पर्धेला ट्रायल म्हणतात. मैदानाच्या त्या टोकाला पाच मेंढ्या सोडतात. कुत्र्याने मोठा वळसा घेऊन त्यांच्या मागे पोचायचं, त्यांना सरळ रेषेत हँडलरकडे आणायचं आणि शेवटी एका लहान कुंपणात कोंडायचं. त्या कुंपणाला ‘पेन’ म्हणतात. मेंढी रेषेबाहेर गेली की मार्क कापले जातात.

हिवाळ्यातल्या डॉग शोमध्ये अशी ट्रायल होणार होती. धाकट्या शेठना ती जिंकायची होती. तेवढ्यासाठी गिरणीच्या मागच्या मोकळ्या जागेत पाच मेंढ्या पोसल्या होत्या. आणि मला.

मी तेवीस वर्षांचा. बाबा सव्वीस वर्षं स्पिनिंगमध्ये. त्यांनीच मुकादमाला धरून मला बदली कामगार म्हणून लावलं होतं. मी कुत्र्यांना घाबरत नाही हे पाहून शेठनी मला केनेलवर घेतलं आणि नाव वॉच अँड वॉर्डच्या मस्टरवर टाकलं. वॉच अँड वॉर्ड म्हणजे पहारेकऱ्यांचं खातं. आमच्या गिरणीत ते संपात उतरलं नाही. म्हणून बाबा गेटबाहेर आणि मी गेटच्या आत. घरात सात माणसं आणि पगार माझा एकट्याचा. संपाच्या पहिल्या आठवड्यात बाबाच म्हणाले होते, “तू जा झिला. घरात कोणीतरी हाडूक होया.” कोणीतरी कमावून आणायला हवं, एवढाच त्याचा अर्थ.

ग्लेनला रोज दोन अंडी आणि मटण. आमच्याकडे पेज आणि सुक्या बांगड्याचा तुकडा, तोही असला तर. ग्लेनची अंडी मी कितीदा तरी खिशात घालून घरी नेली आहेत. त्याची मला लाज वाटत नाही. लाज आहे ती पुढच्या गोष्टीची.

कुत्र्याबरोबर इंग्लंडहून एक छोटं पुस्तक आलं होतं. डिक्शनरी घेऊन मी ते दोनदा वाचलं होतं. त्यात एक गोष्ट ठळक अक्षरांत होती. कॉलीला माणसं वळवू देऊ नका. गंमत म्हणूनही नको. एकदा गोडी लागली की सुटत नाही. मी पुस्तक घेऊन कॅप्टनसाहेबांकडे गेलो. पान उघडून दाखवलं.

“नौकरी किताब देती है या मैं देता हूं?”

मी पुस्तक मिटलं. इतकं सोपं होतं ते. आज लिहिताना माझा मलाच संताप येतो. मी एकदा तरी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. ‘नाही’ म्हणून नोकरी गेली असती तर निदान नीट गेली असती.

पंधरा दिवस मी ग्लेनला माणसांवर तयार केलं. आठ पहारेकरी मेंढ्या झाले. त्यांना ती मोठी मजा वाटायची. बें बें करत ते मोकळ्या जागेत पांगायचे आणि ग्लेन त्यांना गोळा करून भिंतीशी लावायचा. हुशार कुत्रा. तीन दिवसांत शिकला. मेंढीपेक्षा माणूस हळू वळतो, मधेच थांबून मागे बघतो, हे त्याने माझ्याआधी ओळखलं. मी प्रत्येक वेळी त्याला शाबासकी दिली.

मग एका सकाळी कॅप्टनसाहेबांनी गेट अर्धं उघडायला लावलं.

बाहेर पंचवीस-तीस माणसं होती. बाबा कडेला, हात मागे बांधून. आत दोन ट्रक इंजिन चालू करून उभे. मी शिट्टी तोंडात धरली. उजवीकडचा इशारा दिला. ग्लेन रस्त्यावरून मोठा वळसा घेऊन त्यांच्या मागे गेला आणि बसला.

आधी लोक हसले. “अरे, शेठनी कोल्हा पाठवला रे!” कोणी तरी ओरडलं. एकाने त्याला बिस्कीट टाकलं. ग्लेनने बिस्किटाकडे पाहिलंही नाही. तो पोट घासत पुढे सरकला. एक माणूस मागे हटला, त्याचा धक्का लागून दुसरा. कोणाला कळायच्या आत सगळे एकमेकांना खेटून कंपाउंडच्या भिंतीकडे सरकत होते. एक जण तावातावाने बाहेर निघाला. मी शिट्टी मारली. ग्लेन विजेसारखा आडवा गेला आणि त्याने त्या माणसाला परत आत घातलं. तेव्हा हसणं थांबलं. गेटच्या आतून पहारेकऱ्यांचं हसणं सुरू झालं. कोणी तरी बें बें केलं. ट्रक निघून गेले.

कॅप्टनसाहेब टाळ्या वाजवत होते. “पेन! परफेक्ट पेन!”

बाबा भिंतीला पाठ लावून उभे होते. ते कुत्र्याकडे बघत नव्हते. शिट्टी कुठून येते ते शोधत होते. मग त्यांना मी दिसलो.

सव्वीस वर्षं त्या गिरणीत सूत काढलेला माणूस. मी त्याला मेंढरासारखा भिंतीशी लावला. हुकूम कॅप्टनचा, कुत्रा शेठचा, पण शिट्टी माझी.

रात्री जेवताना आई मध्ये बसली होती. बाबा तिच्याकडे बघून बोलले, “तुझ्या झिलाचो कुत्रो बरो शिकलो हा. एकाक पन सुटूक देऊक नाय त्येना.” त्यानंतर ते माझ्याशी बोलायचे थांबले. मी आणलेले तांदूळ खायचे, पण माझ्याशी बोलायचे नाहीत. चाळीतले मात्र बोलायचे. मी जिना चढायला लागलो की वरून कोणी तरी शीळ घालायचं. मी मान खाली घालून खोलीत जायचो. त्यांचं काय चुकलं होतं?

मी ठरवलं, ट्रायल जिंकायची. जिंकलो तर धाकट्या शेठना सांगायचं, मला कुत्र्यांच्या कामातून काढा, कुठेही टाका, ऑफिसात शिपाई करा. तेवढा एकच मार्ग दिसत होता. नोकरीही राहील आणि गेटवर पुन्हा शिट्टी वाजवावी लागणार नाही. तीन महिने मी ग्लेनला फक्त मेंढ्यांवर ठेवला. माणसं जवळ फिरकू दिली नाहीत. कॅप्टनसाहेबांनी दोनदा बोलावणं पाठवलं. कुत्र्याचा पाय मुरगळलाय असं सांगून मी तो दिला नाही. मला वाटलं, ग्लेन माणसं वळवणं विसरला असेल.

ट्रायलच्या दिवशी मैदान हिरवंगार होतं. कडेला शामियाना, खुर्च्या, पांढऱ्या कपड्याची टेबलं, चहा, सँडविच. संप मुंबईत चालू आहे हे तिथे कोणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. स्पर्धेत सगळे मिळून चार कुत्रे. परीक्षक एक म्हातारे पारशी गृहस्थ होते, छडी घेऊन आलेले.

मी ग्लेनला सोडलं. त्याने असा वळसा घेतला की परीक्षकांनी मान हलवून दाद दिली. मेंढ्या उठल्या, एका रेषेत यायला लागल्या. अर्ध्या मैदानापर्यंत मी जिंकलेलो होतो.

तेवढ्यात शामियान्यातले लोक नीट दिसावं म्हणून खुर्च्यांवरून उठले आणि दोरीच्या आत आले. तीस-चाळीस माणसं, मोकळी, पांगलेली. एक मेंढी डावीकडे सरकली होती म्हणून मी उजवीकडचा इशारा दिला. ग्लेनने मान वळवली. त्याला माणसं दिसली. गेटसमोर हाच इशारा होता.

त्याने मेंढ्या सोडल्या आणि मोठा वळसा घेऊन लोकांच्या मागे जाऊन बसला.

“हाउ स्वीट!” एक बाई म्हणाली. सगळे हसले. अगदी तसेच हसले. मग ग्लेन सरकायला लागला आणि ते मागे हटायला लागले. कपबशा वाजायला लागल्या. कॅप्टनसाहेब गर्दीतून बाहेर पडायला निघाले. ग्लेन आडवा गेला. कॅप्टनसाहेब परत आत गेले.

“परब! स्टॉप हिम!”

‘बस’ची शिट्टी एक लांब फुंकर असते. ग्लेनने ती कधी मोडली नव्हती. शिट्टी माझ्या ओठांत होती. मी फुंकली नाही.

किती वेळ, सांगता येणार नाही. अर्धा मिनिट असेल. त्या अर्ध्या मिनिटात धाकटे शेठ, कॅप्टनसाहेब, रेशमी साड्या, टाय, सगळं एकमेकांना खेटून चहाच्या टेबलांकडे सरकत होतं. आणि मला बरं वाटत होतं. खूप बरं वाटत होतं. ‘आता कळलं?’ असं मी मोठ्याने म्हणालो बहुतेक.

मग शेठची म्हातारी आई टेबलाच्या पायात अडकून पडली. हातावर पडली. तिची किंकाळी ऐकली तेव्हा मी शिट्टी फुंकली. ग्लेन जागच्या जागी बसला आणि त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. शाबासकीसाठी.

परीक्षक छडी टेकत माझ्यापर्यंत आले. “डिक्रा, कुत्रा बाद. ते जाऊ दे. आ कुत्राने मानसावर कोने सोडला होता?”

कॅप्टनसाहेब माझ्याआधी बोलले. “नो आयडिया, सर. ये लड़का अपने मन से कुछ भी सिखाता है.”

माझं डोकं भडकलं. गेट, ट्रक, टाळ्या, सगळं सांगून टाकावं असं वाटलं. पण म्हातारे माझ्या तोंडाकडेच बघत होते. “व्हिसल तो तारा मोंमा हती. मग वाजवली का नाय?”

कॅप्टन खोटं बोलत होता, आणि तरी त्याच्यावर ओरडायचा हक्क अर्ध्या मिनिटापूर्वी मी घालवून बसलो होतो.

नोकरी त्याच संध्याकाळी गेली. ग्लेनला शेठनी उत्तरेकडच्या कुठल्याशा फार्मवर पाठवून दिला. तिथे मेंढ्या होत्या की नुसती माणसं, मला कळलं नाही. जाताना भेटू दिलं नाही.

घरी जाऊन मी सगळं सांगितलं. आईने कपाळाला हात लावला. सात माणसं, आता एकही पगार नाही. मनात कुठे तरी वाटत होतं की आज बाबा माझ्या पाठीवर हात ठेवतील. शेठला भिंतीशी लावला की मी. तीन महिन्यांनी बाबा माझ्याशी पहिलं वाक्य बोलले.

“त्या म्हातारेक खूप लागला काय रे?”

“मनगट मोडलं म्हणतात.”

“तिणा तुझा काय केल्यान होता?”

तिने तुझं काय केलं होतं? एवढं विचारून ते अंथरूण घालायला उठले.

त्यांची गिरणी पुन्हा कधी सुरू झालीच नाही. मी कुत्र्यांचंच काम करत राहिलो, दुसरं येत नव्हतं. आता शिवाजी पार्क, प्रभादेवी भागातली पाळीव कुत्री शिकवतो. वर्षातून एखादं तरी गिऱ्हाईक सांगतं, सोसायटीच्या गेटवर लोक बसतात, त्यांना हुसकवायला शिकवा. मी ते काम घेत नाही. रागाने बोलतो आणि गिऱ्हाईक जातं. नंतर त्यांच्या कुत्र्याने कोणाला घेरलं की तेच फोन करून म्हणतात, कुत्रा वाह्यात निघाला.

कुत्रा वाह्यात नसतो. मेंढी कोण आणि माणूस कोण, हे त्याला शिट्टी वाजवणारा सांगतो. मी त्याला दोनदा चुकीचं सांगितलं, एकदा हुकूम होता म्हणून आणि एकदा मला हवं होतं म्हणून. दुसऱ्या खेपेला माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नव्हती.