न चुकण्याची जागा

“ते राहू द्या. मूल कुठं चुकत नाही, तेवढं सांगा.”

शाळेत कुणीही एखाद्या मुलाची तक्रार घेऊन गेलं की बाई एवढंच विचारत आणि गप्प बसत. तक्रार करणाऱ्याची पंचाईत होई. मूल कुठं कुठं चुकतं याची यादी आम्हा मास्तरांना तोंडपाठ असायची. या दुसऱ्या यादीची पहिली ओळसुद्धा सुचत नसे.

ही गोष्ट मी घरात इतक्यांदा सांगितली आहे, की “आमच्या शाळेत एक बाई होत्या” एवढं म्हणालो की थोरली ताट उचलून आत जाते आणि धाकटा झोपेचं सोंग घेतो. बायकोचं म्हणणं, दर वेळी यातल्या मेंढ्या वाढतात. म्हणून एकदाची लिहूनच टाकतो. कागदावरच्या मेंढ्या तरी वाढणार नाहीत.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. औंधाच्या पूर्वेला, पाऊस जिकडं यायचा कंटाळा करतो अशा बाजूला, एका खेड्यातल्या शाळेवर माझी नेमणूक होती. माझ्याकडे दोन टेरिलीनचे शर्ट होते आणि आपल्याला शिकवता येतं याबद्दल मनात कणभर शंका नव्हती.

बाई त्या जूनमध्ये बदलून आल्या. मूळच्या सांगलीकडच्या. ठेंगण्या, आवाज बसका, वय पंचेचाळिशीच्या आसपास. चौथीचा वर्ग त्यांच्याकडे होता. पण शाळा सुटली की व्हरांड्यात पोतं अंथरून त्या आणखी तासभर बसत. सोबत आम्ही सोडून दिलेली मुलं असत. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या पुतण्याची मुलगी आता पुण्यात अशाच एका ताईंकडे आठवड्यातून दोनदा जाते. तिथं चाचण्या असतात, रंगीत ठोकळे असतात, प्रत्येक अडचणीला वेगळं नाव असतं. आमच्याकडे तेव्हा सगळ्यांना मिळून एकच नाव होतं. ढ.

ठकू माझ्या वर्गातली. तिसरीत दुसऱ्यांदा बसलेली, मेंढपाळाची पोर. बाहेर पाखरू उडालं की हिची मान वळे. फळ्यावरचा ‘ध’ पाटीवर येईपर्यंत त्याचा ‘घ’ होई. मी तिच्या प्रगतिपुस्तकात दर खेपेला ‘लक्ष नाही’ असं लिहीत असे. एकदा बदल म्हणून ‘अजिबात लक्ष नाही’ लिहिलं होतं. अक्षर मात्र फार सुरेख आलं होतं.

ते सुरेख अक्षर तिच्या बापानं कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि तो शाळेत आला.

“गुर्जी, लक्षच न्हाई म्हंता, मग कशापायी बसवू हिला? दिवाळी झाली की आमी मेंढरं घिऊन कोकनात उतरनार. पोरगी संगं नेतो. नाव काढून टाका.”

खरं सांगतो, मला बरंच वाटलं. हेडमास्तर दप्तर काढायला उठलेही. तेवढ्यात बाई दारातून म्हणाल्या, “दादा, दिवाळीपर्यंत तर इथंच आहात ना? तोवर राहू दे. मग तुम्हीच बघा.”

बापानं पागोटं खाजवलं. “बरं. वाचाया आलं तर हिच्या आत्याजवळ ठिवीन. न्हाई आलं तर न्हेनार. मग आडवायचं न्हाई.”

तो गेल्यावर बाईंनी मला तो प्रश्न विचारला. “गुरुजी, ही कुठं चुकत नाही?”

“डबा खाण्यात,” मी म्हणालो. मला वाटलं, छान विनोद झाला.

बाई हसल्या नाहीत. “उद्या शाळा सुटली की माझ्याबरोबर चला,” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठकूच्या बापाचा कळप बसला होता त्या शेतावर गेलो. दिवसभर मेंढ्या चरायला रानात जात आणि लहान कोकरं जाळीच्या कुंपणात मागं राहत. ऊन कलल्यावर मेंढ्या परत आल्या आणि जो काही कल्लोळ उठला, तो सांगता येत नाही. आया ओरडतायत, पोरं ओरडतायत, धुळीत समोरचा माणूस दिसत नाही. मेंढी दुसरीचं कोकरू अंगाला लावून घेत नाही, लाथाडते. जरा मोठी कोकरं आपली आई हुडकतात, पण आठ-दहा दिवसांची भांबावून जातात. त्यांना उचलून ज्याच्या त्याच्या आईखाली नेऊन सोडावं लागतं.

ते काम ठकूचं होतं.

ती दोन्ही हातांत दोन कोकरं उचली, त्या गर्दीत शिरे, बरोबर दोन आयांपाशी सोडून परत येई. थांबणं नाही, विचारात पडणं नाही. मी मोजली. छत्तीस कोकरं. बायकोनं इथं लक्ष द्यावं, छत्तीसच. सगळी काळी, सगळी माझ्या डोळ्यांना एकसारखी. एकाही मेंढीनं लाथ उचलली नाही.

मला चेव आला. मीही एक कोकरू उचललं आणि त्याच्या तोंडावळ्याची वाटली त्या मेंढीपाशी नेलं.

“आवं गुर्जी, ती न्हवं त्याची आई!” ठकू ओरडली. “लक्ष कुटं हाय तुमचं?”

पुढच्या क्षणी मेंढीनं मला ढुशी दिली आणि टेरिलीनचा शर्ट लेंड्यांत बसला. अर्थात माझ्यासकट.

परतताना मीच म्हणालो, “बाई, हसून घ्या एकदा.”

“हसायचं ते घरी जाऊन हसेन. आता सांगा, लक्ष कुणाचं नाही म्हणालात?”

दुसऱ्या दिवसापासून पोत्यावर ठकू येऊ लागली. बाईंनी जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर एकेक अक्षर काढलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी ‘घ’ आणि ‘ध’ शेजारी शेजारी ठेवले. मला वाटलं, ही सुरुवातच चुकली. आधी सोपं द्यावं.

“दोनी एकच हायत,” ठकू म्हणाली.

“काल तुझ्या मेंढ्याही मला एकच वाटल्या.”

“छ्या! एक कशा आसतील? येकीच्या कानाला खोच हाय, येकीचं कपाळ बसकं हाय.”

“मग इथं खोच कुठं आहे, ते तूच हुडक.”

आणि बाई थांबल्या. हे थांबणं मी नंतर पुष्कळदा पाहिलं आणि दर वेळी थक्क झालो. त्या मुलाच्या तोंडाकडे बघत नसत. नजर खाली, पोत्याच्या सुतळीवर. मी खांबाआड उभा होतो, माझ्या जिभेवर उत्तर वळवळत होतं. मी घड्याळ पाहिलं. तीन मिनिटं गेली. तुम्ही कधी मुलासमोर तीन मिनिटं गप्प बसून पाहा.

मग ठकूनं ‘ध’वर बोट ठेवलं. “हिच्या डोईवरचा पदर आर्धा सरकलाय. त्या दुसरीच्या डोईवर नीट हाय.”

मी तीन वर्षं ही अक्षरं शिकवत होतो. तो सरकलेला पदर मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

पुढं बाईंनी ‘क’ला मेंढी केलं आणि का, कि, की, कु ही तिची कोकरं. आठ मेंढ्या आणि त्यांची सगळी पोरं पोत्यावर विखरून द्यायच्या आणि म्हणायच्या, “पाज.” ठकूचे हात तसेच चालत, जसे शेतावर चालले होते.

सगळं सरळ झालं असं मात्र नाही. आठवडा आठवडा ती शिकलेलं विसरून येई. पाव तासावर तिला बसवत नसे. मी असतो तर डोळे वटारले असते. बाई तिला घागर घेऊन पाण्याला पाठवत. “तिचे पाय उठलेत. त्यांना आधी जाऊन येऊ दे.” एकदा पत्रिका कापता कापता बाई आपणहून म्हणाल्या, “आधीच्या शाळेत एक मुलगा होता. त्याची ती जागा मला सापडलीच नाही. दोन वर्षं शोधली.” कात्री तशीच हातात राहिली. मग त्या पुन्हा कापू लागल्या.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, त्याच आठवड्यात बाप आला. बाहेर रस्त्यावर कळप थांबला होता. घोड्यांवर संसार लादलेला होता.

“वाचती व्हय? वाचून दावा.”

हेडमास्तरांनी पुस्तक उघडून दिलं. ठकूनं तोंड उघडायच्या आत बापानं हात आडवा केला. “ह्ये पाठ आसंल. कोकरांमागं ह्येच बडबडताना ऐकलंय म्या.” आणि त्यानं पागोट्यातून एक घडी पडलेलं पत्र काढलं. त्याचा धाकटा भाऊ पलटणीत होता. “ह्यात काय हाय ते मला ठावं हाय. पोस्टमननं दोनदा वाचून दावलंय. आता ही वाचंल.”

मी बाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उतरलेला दिसला. ठकूनं पत्रिकांवरची मोठी, सुटी अक्षरं वाचली होती, छापील वाचलं होतं. हातानं खरडलेलं, एकात एक गुंतलेलं अक्षर तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

“अहो दादा, पत्राचं अक्षर म्हणजे...” मी सुरू केलं. बाईंनी नुसती मान हलवली. त्यांनी नजर जमिनीकडे वळवली.

ठकूनं बोट ठेवलं. “ती...” पुढच्या जोडाक्षरावर ती अडली. “हे ठावं न्हाई,” ती सरळ म्हणाली आणि पुढं सरकली. “दा-दा-स. मी खु-शा-ल आहे.” बाहेर कोकरं ओरडत होती. तिची मान एकदाही वळली नाही. “इथं ल-ई थं-डी आहे. धों...” ती थांबली. कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. “धों न्हवं. घों. घोंगडं. घोंगडं पाठव.”

बापाचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. ती वाचत होती आणि तो मनातलं पत्र तिच्या पावलांनी चालत होता.

त्यानं पत्र घेतलं, घडी घातली. मग एकदम म्हणाला, “मग माजी कोकरं कोन पाजायचं?”

तो रागावला नव्हता, त्याला खरंच उत्तर हवं होतं. तो काय सोडून चालला होता, ते त्या खोलीत त्याला आणि बाईंनाच ठाऊक होतं.

“ते मला सांगता येणार नाही, दादा,” बाई म्हणाल्या. “तिच्यासारखं कुणी मिळणार नाही तुम्हाला.”

त्यानं लेकीकडे पाहिलं. “आत्याला तरास द्यू नगंस,” म्हणाला आणि बाहेर पडला.

पुढच्या जूनमध्ये बाई बदली घेऊन सांगलीकडे परत गेल्या. मी स्वतःच्या लग्नाच्या गडबडीत गावी होतो, निरोपही झाला नाही. ठकू सातवी पास झाली. शेवटपर्यंत बोट ठेवूनच वाचत होती, पण वाचत होती. मी पुढं पुष्कळ वर्षं मास्तरकी केली. बाईंचा प्रश्न मला पाठ आहे, पण आयत्या वेळी तोंडातून निघतं ते जुनंच. माझ्या पोरांना विचारा.

बाई आठवल्या की मला ठकूनं पत्र वाचलं त्याच दिवसाची संध्याकाळ दिसते. कळप उठून गेल्यावर ते शेत मोकळं पडलं होतं. जाळीच्या खुंट्यांची भोकं आणि लेंड्या तेवढ्या मागं राहिल्या होत्या. ठकू मधोमध बसून रडत होती, तोंड घाटाच्या वाटेकडे. शेजारी बाई मातीतच बसल्या होत्या आणि तिच्या परकराला चिकटलेली कुसळं एकेक करून काढत होत्या.