"आईला सांगू नका"

आज घणसोलीतल्या एका शाळेत परीक्षेच्या ताणावरच्या माझ्या संशोधनासाठी मुलाखती घेत होते. नववीतली सानिया (नाव बदललंय) बोलता बोलता थांबली. "मॅडम, मला जगायचंच नाहीये. आईला सांगू नका."

मी रेकॉर्डिंग बंद केलं. "हे मी लपवू शकत नाही, बाळा. आपण दोघी मिळून सांगू."

"तुम्ही म्हणालेलात, कुणालाच कळणार नाही!" ती ओरडली.

तिच्याजवळच बसून शाळेच्या समुपदेशक बाईंना आणि आईला बोलावलं. आईने ऐकलं आणि तिला कुशीतच ओढलं. "मार्क गेले खड्ड्यात. मला तू हवीयस."

जाताना सानियाने माझ्याकडे पाहिलंही नाही. चालेल मला.

पण पालकहो, तुमचं मूल "मला जगायचंच नाहीये" हे वाक्य तुमच्यासमोर बोलू शकेल का?