गंगुर्डेकाका आणि आमच्या अडकलेल्या गाड्या

प्रोग्रॅममधले बग सुटतात आणि विसरले जातात. त्यांच्या नादात घडलेले किस्से मात्र डोक्यात साठत जातात. माझ्याकडचे बहुतेक गंगुर्डेकाकांचे! दोन हजार सालाच्या आसपास सातपूरच्या आमच्या छोट्या कंपनीत रेल्वे वाहतुकीचं सिम्युलेशन बनत होतं, स्टेशनमास्तरांच्या ट्रेनिंगसाठी. काका निफाडकडचे, रिटायर्ड स्टेशनमास्तर. आमच्या चुका काढायला ठेवलेले.

*

पहिल्याच आठवड्यात स्क्रीनवरच्या सगळ्या गाड्या थांबल्या. सगळे सिग्नल लाल. मी कॉम्प्युटर तीनदा रीस्टार्ट केला!

काका चष्मा पुसत म्हणाले, "मशीन चांगलं हाय, ताई. स्टेशनात तीन रूळ, तिन्हींवर गाड्या उभ्या, अन् दोन्हीकडून तुम्ही आणखी एकेक सोडली. ती काय टेबलावर घेऊ?"

*

मग ती मालगाडी. बाजूच्या रुळावर घेतली, तरी मेन लाइनचा सिग्नल हिरवा होईना. तीन दिवस मी कोड उलटापालटा केला.

काकांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "शेपूट बघा."

गाडी रुळापेक्षा लांब! शेवटचे दोन डबे मेन लाइनवरच. मी कपाळावर हात मारला.

*

माझा सहकारी सोनवणे सटाण्याचा, 'आहे'ला अहिराणीत 'शे' म्हणणारा. गाड्या अडकल्या की त्यातली एक डिलीट करायची, असा त्याने सोपा उपाय काढला.

काका ताडकन उठले. "अरे, पॅसेंजर होती ना ती? माणसं कुठं गेली?"

"काका, खोटी गाडी शे!"

"असू दे. आधी उतरव त्यांना!"

आम्ही हसलो. काका नाही हसले.

*

एकदा सोनवणेने कमालच केली. गाड्या अडकल्या की दोन्ही सिग्नल हिरवे! एकाच रुळावर समोरासमोर आलेल्या दोन गाड्या एकमेकींच्या आरपार निघून गेल्या. टक्कर आम्ही प्रोग्रॅममध्ये लिहिलीच नव्हती. आम्ही टाळ्या पिटल्या.

वळून पाहिलं, तर काकांचा चेहरा पांढराफटक.

"काका, पाणी देऊ?"

त्यांनी नको म्हणून मान हलवली. दोन खुर्च्या ओढून समोरासमोर ठेवल्या. मध्ये जेमतेम चार पावलं.

"माझ्या स्टेशनात एकदा एवढंच राहिलं होतं. दोन इंजिनांमधी. चूक माझी होती."

सोनवणेने हळूच विचारलं, "ड्रायव्हर काय बोलले?"

"काय नाय. दोघं खाली उतरले, माझ्या केबिनमधी येऊन बसले. मी चहा केला. साखर टाकायची राहिली."

"मग?"

"दोघांनी तसाच पिला."