मावशीचा स्वच्छ वाफा

मावशीच्या वाफ्यात तणाची एक काडी सापडेल तर शपथ. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या रोपवाटिकेत ती कामाला लागली, तेव्हापासून ‘तण खाई धन’ हाच तिचा मंत्र. सकाळी डोकं वर काढलेलं तण दुपारपर्यंत उकिरड्यावर गेलेलं असायचं. लोक तिला लखलख मावशी म्हणून चिडवत, आणि तिला ते मनातून आवडायचंही.

डोंगरमाथ्यावरच्या गवतात एक झुडूप होतं. गुडघ्याएवढं, लांबट लवदार पानांचं, जांभळ्या फुलांचं. दुसरीकडे कुठे ते आढळत नसे. रस्ता काढताना बरीचशी झुडपं गेली. बोटांवर मोजण्याइतकी उरली, तीही म्हातारी, आणि त्यांच्याखाली नवं रोप कुणाला कधी दिसलं नव्हतं. म्हणून झाडांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी बी वेचलं आणि मावशीच्या हवाली केलं. मावशीने ते तळहाताच्या फोडासारखं जपलं. माती चाळली, झारीने पाणी दिलं, वर जाळी बांधली. पण काही उगवेना. दुसऱ्या वर्षीही तेच.

तिसऱ्या वर्षी बाई मूठभर बी घेऊन आल्या. “मावशी, एवढंच मिळालं. हेही पोकळ निघालं, तर झाड संपलं असं समजायचं.”

त्या दिवसापासून मावशीला घास गोड लागेना.

पेरणी झाली आणि मावशीची कंबर धरली. डॉक्टरांनी सक्तीने घरी झोपवलं. बदलीवर गेली धाकटी जाऊ, जिच्या आळसाची कीर्ती माहेरपर्यंत पोचलेली. ती वाफ्यांना पाणी घालायची आणि सावली बघून पाय पसरायची.

“तण काढलंस ना गं?” मावशी अंथरुणातून रोज विचारायची.

“हो हो, ते काय सांगायला हवं?”

मावशी कंबरेवर हात ठेवून कामावर परतली, तर वाफ्यात नुसतं रान माजलेलं.

“हे तण काढलंस तू?”

“आज काढणारच होते, जाऊबाई.”

तोंडाचा पट्टा चालू ठेवूनच मावशी खाली बसली. तण ओळखीचंच होतं, गोल गुळगुळीत पानांचं. या वाफ्यात ते दरवर्षी हटकून यायचं. तिने एक उपटलं, दुसऱ्याला हात घातला आणि तिची जीभ थांबली. गोल पानांच्या मधून एक नवं पान वर आलं होतं. लांबट. तिने बोट फिरवून पाहिलं. लव होती.

तिच्या पायाखालची जमीन सरकली. दोन्ही वर्षं तिने या रोपांना तिसरं पान फुटूच दिलं नव्हतं. उपटलेलं रोप तिने पुन्हा मातीत खोचलं.

“काय झालं?” जाऊने विचारलं.

“कुंपणानेच शेत खाल्लं गं.”

बाईंना निरोप गेला. त्या येईपर्यंत मावशीने मनातल्या मनात नोकरीवर पाणी सोडलं होतं.

“बी पोकळ नव्हतं, बाई. मीच उपटत होते,” ती मान खाली घालून म्हणाली.

बाई वाफ्याशी बसल्या. मग त्यांनी विचारलं, “म्हणजे दर वर्षी उगवत होतं?”

“दर वर्षी.”

“मग झाड संपलेलं नाही हो, मावशी. आणि याचं बाळरूप मी तरी कुठे पाहिलं होतं? माझ्या हाती वाफा असता तर मीही उपटलंच असतं.”

मावशीचा जीव भांड्यात पडला, आणि तिला रडू कोसळलं. जाऊने पदर पुढे केला. “तरी मी म्हणत असते, माणसाने इतकं काम करू नये.”

रोपं हाताएवढी झाल्यावर मावशी आणि बाई ती लावायला डोंगरावर गेल्या. मावशी पुढे होती, कडेवर रोपांची टोपली. म्हाताऱ्या झुडपांपाशी ती पाऊल टाकणार, तोच तिला गवताच्या बुडाशी गोल पानं दिसली. शेजारी आणखी. पलीकडेही. आजवर येणारा जाणारा प्रत्येक जण ती तुडवतच गेला होता. मावशी एक पाय उचललेला तसाच ठेवून उभी राहिली.

“अहो मावशी, पाय ठेवा की खाली,” मागून बाई म्हणाल्या.

“कुठे ठेवू?” मावशी म्हणाली, आणि हसायला लागली.